पहिल्या वर्गातले सत्तावीस प्रवास

बाई, मी आजवर एकदाही विमानानं कुठं गेलेलो नाही. हे एवढं एक वाक्य सांगायला तुम्ही जाऊन सहा वर्षं व्हावी लागली. तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत माझे जे सव्वीस लेख तुम्ही कापून, खळ लावून चिकटवलेत, लंडनचा, फ्रँकफुर्टचा, सिंगापूरचा, दुबईचे तर पाच, त्यातला एकही प्रवास मी केलेला नव्हता. आसनं खरी होती. पलंगासारखी पसरणारी ती गादी, लाकडी कडेचं टेबल, अत्तराच्या इवल्या बाटल्या, हे सगळं खरं होतं. त्या आसनांवर मी बसलोही होतो. पण तेव्हा विमान जमिनीवर उभं असायचं, प्रवासी उतरून गेलेले असायचे, आणि माझ्या हातात रबरी मोजे आणि कचऱ्याची पिशवी असायची. मी मुंबईच्या विमानतळावर विमानं साफ करायचो, बाई. नऊ वर्षं तेच काम केलं.

सातवीत तुम्ही आम्हाला ‘मी केलेला प्रवास’ हा निबंध घातला होता. आपल्या खोऱ्यातल्या पोरांनी केलेला प्रवास म्हणजे घरापासून भातखाचरापर्यंत, फार तर कोळवणच्या बाजारापर्यंत. मी आपला गाइडमधून महाबळेश्वर उतरवून काढलं. निसर्गरम्य, नयनमनोहर, सगळं घातलं. तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलंत आणि विचारलंत, ‘स्ट्रॉबेरीचं झाड केवढं असतं रे?’ मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. वर्गात कुणी हसलं नाही, कारण कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. तुम्ही वही मिटून माझ्या हातात दिलीत. ‘जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. एसटीनं पौडला गेलायस ना? मग पौड लिही.’

मी पौड लिहिलं. आईबरोबर दवाखान्यात गेलो होतो ते. गाडीत एका बाईच्या मांडीवरच्या पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलं होतं आणि कंडक्टर तिला विचारत होता, ‘हिचं हाफ काढू का फुल?’ ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला एक फडकं बांधलेलं होतं आणि ते बाहेर हात हलवल्यासारखं उडत होतं. तुम्ही त्या निबंधाला मार्क दिले नाहीत. चार वाक्यांपुढे समासात लाल शाईनं एकच शब्द लिहिलात, ‘पाहिलेलं’. पुढं तीन वर्षं मी त्या शब्दासाठी लिहीत राहिलो. दहावी झाल्यावर तुम्ही मला इंग्रजी-मराठी शब्दकोश दिलात. त्याच शब्दकोशात मी नंतर शॅम्पेन, कॅव्हियार आणि लाउंजचे अर्थ शोधले, आणि मग हे सगळं लिहिलं.

तुम्हाला आमचं घर माहीत होतं. आजोबांनी गावचं झाडायचं काम सोडलं, पाटलाच्या दारात झाडू ठेवला आणि परत उचलला नाही, ही गोष्ट आमच्या घरी विहारातल्या वंदनेइतक्याच नेमानं सांगितली जायची. बाबा पिरंगुटच्या कंपनीत प्रेस मशिनवर होते. मी मुंबईला निघालो तेव्हा कोळवणच्या थांब्यावर ते माझी बॅग स्वतःच्या पायाशी धरून उभे होते. गाडी दिसल्यावर म्हणाले, ‘काय बी काम कर. पर झाडू न्हाई.’ मला सांगितलं होतं की सामान चढवायचं काम आहे. तिथं पोचल्यावर मला साफसफाईत टाकलं. आठवड्यानं बाबांचा फोन आला. ‘काम काय हाय रं?’ मी म्हणालो, ‘ऑपरेशन्सला आहे.’ ‘म्हंजी?’ ‘विमान कधी येतंय, कधी जातंय, ते बघायचं.’ ते म्हणाले, ‘बेस झालं.’ त्यांच्या त्या दोन शब्दांत इतका आनंद होता की खरं काय ते सांगायची वेळ तिथंच निघून गेली. कामाची लाज नव्हती, खोटेपणाची होती, असं आता म्हणायला मला आवडेल. पण कामाचीही होती. ज्या कामाकडे आजोबांनी पाठ फिरवली, त्यासाठी मी गाडी बदलून आलो, असं मला रोज वाटायचं.

विमान आलं की आमच्या हातात मोजकी मिनिटं असायची. दहा-बाराजण आत शिरायचे. मी दुबळा म्हणून सुपरवायझरनं मला पुढचा भाग दिला, तिथं आसनं कमी. पहिल्या दिवशी मी पडदा सरकवून आत गेलो आणि उभाच राहिलो. आमच्या घरातल्या दोन खोल्या मिळून होतील एवढ्या जागेत दोन माणसं बसून आली होती. उशीवर कुणाचं तरी डोकं टेकल्याचा खळगा अजून होता. पेल्याच्या कडेला लिपस्टिक लागलेली. ब्लँकेट उचललं तर त्याला आतून ऊब होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर एवढंच लिहिलं, एका आसनाबद्दल, वीसएक ओळी. सातवीतल्या पौडच्या निबंधासारखं. इंटरनेटवर मराठी माणसं लिहितात अशा एका ठिकाणी ते टाकलं. खाली परदेशातल्या एका बाईनं लिहिलं, ‘किती बारकाईनं पाहिलंत! कुठल्या फ्लाइटनं आलात?’ मी आलो नव्हतो हो, मी झाडायला गेलो होतो. एवढं टाइप करायला जितका वेळ लागला असता त्याच्या निम्म्या वेळात मी टाइप केलं, ‘दुबईहून.’ त्यानंतर सगळं तिथूनच चालत आलं.

मग मला कळलं की जगभर अशी हौशी माणसं आहेत जी महागड्या वर्गानं प्रवास करतात आणि परत आल्यावर त्याचे अहवाल लिहितात. साबणाच्या वडीपासून लोण्याच्या वाटीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा फोटो. त्याला ते ट्रिप रिपोर्ट म्हणतात. मी शब्दकोश उघडून ते वाचत गेलो. उडतानाचं सगळं त्यांच्याकडून उचललं, उतरल्यावरचं माझं स्वतःचं होतं. मेनूकार्डं कचऱ्यात जायची, ती मी सरळ करून पाठ करायचो. फोटो काढायला बंदी होती, पकडलो असतो तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, तरी वाकून आसनाखालचं काढताना मी हळूच काढायचो. कॅव्हियारचे, म्हणजे माशाच्या अंड्यांचे, काळ्या मोहरीसारखे दाणे एकदा बशीत उरलेले दिसले. ते चाखायचं धाडस झालं नाही, पण लेखात लिहिलं, ‘जिभेवर फुटताना समुद्राची चव येते.’ ते एका परदेशी माणसाचं वाक्य होतं. माझे वाचक वाढले. लोक मला विचारायचे, कुठली कंपनी बरी, उशिरा खिडकी मागितली तर मिळते का. मी सांगायचोही.

आणि तुम्हाला पहिला लेख मीच पाठवला, बाई. दुसऱ्या कुणी नाही. तुमचा फोन आला तेव्हा मी पिशव्या बांधत होतो. तुम्ही म्हणालात, ‘काय म्हणतात रे याला?’ ‘ट्रिप रिपोर्ट, बाई.’ ‘म्हणजे प्रवासवर्णनच की. चांगलं आहे. ते ब्लँकेटचं छान आलंय.’ बाकी शॅम्पेनचं, ढगांचं, हवाईसुंदरीच्या हसण्याचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही. तुम्ही प्रत्येक लेख पौडच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्यायला लागलात, आणि फोनवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांगायला लागलात. ‘तू विमानात बसलास म्हणून ‘खिडकी’तला ‘खि’ दीर्घ होत नाही.’

मग तुम्ही मला शाळेत बोलावलंत. तुमच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. मी नवा शर्ट घालून आलो. सातवी-आठवी एकत्र बसवली आहे, पोरं सतरंजीवर, तुम्ही मागं दारापाशी खुर्चीवर. मी फळ्यापुढं उभा आहे, जिथं स्ट्रॉबेरीचं झाड दाखवलं होतं तिथंच, आणि सांगतोय की विमान ढगांच्या वर गेलं की खाली कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसतं. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकतायत. झोपायला गादी घालून देतात, अंगात घालायला नवे कपडे देतात, चार वेळा जेवायला विचारतात. पुढच्या रांगेतली एक मुलगी हात वर करते. दोन वेण्या, आमच्याच वस्तीतली, तिची आई फार्महाउसवर भांड्याला जाते हे मला माहीत आहे. ती विचारते, ‘सर, येवढं सगळी खात्यात, मंग तितलं खरकाटं कोण काढतं?’

पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्याकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘असतात तिथं माणसं.’ ती म्हणाली, ‘ती बी बसत्यात का इमानात?’ मी म्हणालो, ‘नाही, ती खालीच असतात. पुढचा प्रश्न?’

त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. तिला उत्तर मिळालं होतं, ती समाधानानं खाली बसली. तिनं वाईट असं काही विचारलंच नव्हतं, तिच्या घरात जे रोज घडतं त्याबद्दल तिनं विचारलं होतं. आणि मी तिच्यासमोर तिच्या आईला आणि स्वतःला एका वाक्यात जिन्याखाली ढकलून दिलं. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मला शाल दिलीत, नारळ दिलात. घरी आई म्हणाली, ‘बाईंनी शाल दिली व्हय? बाबाला दाव.’ बाबांनी ती अंगावर घेऊन बघितली आणि घडी करून ट्रंकेत ठेवली.

निवृत्तीनंतर तुम्ही भाचीकडं बेंगळुरूला विमानानं गेलात. साठीच्या आसपास पहिला विमानप्रवास. परत आल्यावर निरोप धाडलात की ये. तुमच्या त्या दोन खोल्या, कोळवणमधल्या, मागच्या बाजूला भाताची खाचरं. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलोय, तुम्ही गॅसपाशी उभ्या राहून उपमा परतताय आणि पाठमोऱ्या बोलताय. ‘चढताना काही नाही झालं. उतरताना मात्र माझे कान असे दुखले, असे दुखले, कानात कुणी दाभण घालतंय म्हणावं. कापूस घातला, वेलदोडा चघळला. पुढच्या रांगेतलं तान्हं मूल नुसतं किंचाळत होतं, मला वाटलं, आपणही किंचाळावं.’ मी हसलो. तुम्ही कालथा थांबवलात आणि वळून माझ्याकडे पाहिलंत. ‘तुझ्या सव्वीस लेखांमध्ये एकदाही कुणाचा कान दुखत नाही. असं कसं रे?’

आवाजात राग नव्हता, टोचणीही नव्हती. निबंध तपासताना विचारायच्या तसंच विचारलंत. मला आजही वाटतं, त्या दिवशी मी सांगितलं असतं तर तुम्ही उपमा वाढून मला समोर बसवलं असतंत आणि पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं असतंत. मी काय म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे. ‘बाई, फर्स्ट क्लासमध्ये कान दुखत नाहीत. तिथला हवेचा दाब वेगळा असतो.’

हवेचा दाब तुम्हीच शिकवला होता मला. पेला पाण्यानं काठोकाठ भरून, त्यावर पुठ्ठा ठेवून, तो उलटा धरून दाखवला होतात.

‘एकाच विमानात?’ तुम्ही विचारलंत. ‘पुढच्या चार रांगांत वेगळा?’

‘हो बाई.’

‘असं होय,’ तुम्ही म्हणालात आणि गॅस बारीक केलात. उपमा वाढलात. लिंबाची फोड दिलीत. मग इकडचं तिकडचं बोललात, कुठल्या शेताला कुंपण पडलं, कुणी शहरवाल्याला जमीन दिली. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आलात आणि फक्त म्हणालात, ‘जपून जा.’

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मुंबईला परत गेल्यावर दोन आठवड्यांनी मी सत्ताविसावा लेख लिहिला. त्यात माझ्या शेजारच्या आसनावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. उतरताना त्यांचे कान दुखले. त्यांनी कापूस घातला, वेलदोडा चघळला, आणि मला म्हणाल्या, कानात कुणी दाभण घालतंय. मी त्यांचा हात धरून त्यांना धीर दिला. तुमचं दुखणं मी उचललं, बाई, आणि तुम्हाला धीर देणारा भला माणूसही मीच झालो. नेहमीसारखा तोही तुम्हाला पाठवला. तो लेख सगळ्यात जास्त वाचला गेला. लोकांनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. मी एकेकाला उत्तर दिलं, धन्यवाद म्हणून.

तुमचा फोन आला नाही. मी रोज वाट पाहिली, आणि आला नाही म्हणून बरंही वाटलं. मी स्वतःहून केला नाही. पाऊस संपता संपता तुम्ही आजारी पडलात, आईनं कळवलं, ‘बाई लई वाळल्यात. तुला इचारत व्हत्या.’ मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही. सुट्टी मागितलीच नव्हती. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

मी आलो तेव्हा तुमची भाची खोल्या आवरत होती. तिनं मला ती निळी वही दिली. ‘मावशीनं वर तुमचं नाव घातलंय, तुम्हीच न्या.’ मी ती एसटीत बसून उघडली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईनं सुधारलेल्या होत्या. आणि समासात, कुठं कुठं, तोच जुना शब्द होता. ‘पाहिलेलं.’ उशीवरच्या खळग्यापुढं होता. पेल्यावरच्या लिपस्टिकपुढं होता. आसनाच्या फटीत अडकलेल्या लहान मुलाच्या एका मोज्यापुढं, अर्धवट सोडवून टाकलेल्या शब्दकोड्यापुढं, ब्लँकेटच्या उबेपुढं. ढगांपुढं नव्हता, समुद्राच्या चवीपुढं नव्हता. सव्वीस लेख मी पुन्हा पुन्हा चाळले. जिथं जिथं माणूस उठून गेल्यावर मागं काय उरतं ते होतं, तिथंच तो शब्द होता, आणि दुसरीकडं कुठंच नव्हता. सत्ताविसावा लेख त्या वहीत लावलेलाच नव्हता.

म्हणजे तुम्हाला पहिल्या लेखापासून कळलं होतं की मी विमानात कधी शिरतो. मग मला शाळेत का बोलावलंत, हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. मुलांसमोर मी खरं सांगेन असं तुम्हाला वाटलं होतं का? त्या मुलीनं विचारल्यावर तुम्ही खुर्चीत जराशा पुढं झाला होतात, ते मला आठवतं. मी सांगितलं असतं, की खरकटं मी काढतो, तर तुम्ही ती शाल तशीच मला दिली असतीत, हेही मला आता ठाऊक आहे. मी जे लपवत होतो, त्यातलंच तेवढं तुम्हाला चांगलं वाटत होतं.

नंतर ती नोकरी मी सोडली. आता पिरंगुटलाच एका कारखान्यात हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली चौदा बायका आणि तीन बाप्ये झाडतात, पुसतात. बाबांना ‘सुपरवायझर’ एवढंच सांगितलंय. वस्तीत नवं माणूस आलं की ते अजून सांगतात, ‘आमचा पोरगा सगळी दुनिया फिरून आलाय, पर राह्यला आपल्या गावात.’ मी तिथं असलो तर मोबाइल बघतो.

गेल्या महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका काढतोय, बाईंवर तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही. म्हणून मी हे लिहायला बसलो, बाई. तीन रविवार बसून इथपर्यंत आलो. हे त्यांना द्यायचं, असं पहिल्या रविवारी ठरवलं होतं, अगदी नक्की.

काल मी त्यांना लेख पाठवला. हा नाही. दुसरा, एका बैठकीत लिहिलेला. त्यात तुम्ही आहात, पौडचा निबंध आहे, आणि तुमच्या आशीर्वादानं मी देशोदेशी फिरलो असं शेवटी आहे. त्यांना तो फार आवडला. लेखाखाली परिचय काय द्यायचा, म्हणून त्यांनी आज सकाळी विचारलं. शाळेत कार्यक्रम झाला होता तेव्हा ‘प्रवासलेखक’ असं लिहिलं होतं, तेच ठेवू का, म्हणाले. मी हो म्हणालो.